पांढऱ्या गाठी

४ फेब्रुवारी २०१६

वहिनी,

रविवारी फोन केला, पण "बरं आहे ना?" "हो, बरं आहे" याच्यापुढे आपली गाडी सरकली नाही. दादा गेल्यापासून फोनवर असंच होतं. कागदावर मला जरा बरं बोलता येतं, म्हणून लिहितोय.

काम काढूनच लिहितोय, हेही आधीच कबूल करतो. वाटाण्याच्या मुळांवर गाठी असतात, त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात आणि म्हणून वाटाण्याला खताचं पोतं लागत नाही, हे दादाने तुम्हाला जेवताना शंभर वेळा ऐकवलं असेल. आमच्या लॅबमध्ये सहा वर्षं खपून मी अशा जिवाणूंचा एक जोमदार वाण वेगळा काढलाय. नाव नाही, नुसता नंबर आहे. सत्तावीस. कुंड्यांमध्ये त्याच्या जोरावर वाटाणा असा वाढला की आमच्या संचालकबाई खुर्चीतून उठून बघायला आल्या. आता खरं शेत हवं. संस्थेच्या जमिनीने इतकी वर्षं इतकं खत खाल्लंय की तिथे खरं-खोटं काहीच कळणार नाही. दादाच्या जमिनीत अठरा वर्षांत चिमूटभर रासायनिक खत पडलेलं नाही. शिवाय तुमच्याकडे डोंगरात थंडीमुळे वाटाणा मार्चात पेरतात, म्हणजे अजून वेळ आहे.

दादाने मला दोनदा नाही म्हटलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तेव्हा सत्तावीस नवा होता. आता सगळ्या चाचण्या झाल्यात. काळजीचं काही नाही. फक्त वरचं शेत द्या. नको वाटलं तर नाही म्हणा, मला राग येणार नाही.

तुमचा धाकटा दीर


१७ फेब्रुवारी २०१६

भावजी,

"राग येणार नाही" असं आधीच सांगणाऱ्या माणसाला हमखास राग येतो, एवढं तुमच्या घरात बावीस वर्षं राहून मला कळलंय.

मी शिलाई मशीनवर बसणारी बाई. शेत तुमच्या दादांचं. त्यांच्यामागे दोन वर्षं मी नुसती धडपडतेय. गेल्या हंगामात वाटाणा इतका दाट पेरला की शेजारचे मास्तर कुंपणापलीकडून म्हणाले, "वहिनी, हे शेत आहे, भरतकाम नव्हे." मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण दुसऱ्याच्या चुकांवर लाल रेघ मारायची सवय काही सुटली नाही. तेव्हा कोणी जाणत्या माणसाने शेतात लक्ष घातलं तर मला हवंच आहे. शिवाय यांच्या आजारपणात तुम्ही दवाखान्याच्या किती खेपा घातल्यात, ते मी विसरलेले नाही. वरचं शेत घ्या. खालचं मात्र राहू द्या. त्याची माती त्यांनी स्वतःच्या हातांनी केली आहे.

एकच विचारते. हे जिवाणू जमिनीत सोडले आणि मग नकोसे झाले, तर परत काढता येतात का? माझी शिवण चुकली तर मी उसवते. इथे उसवता येतं का?

वहिनी


२ मार्च २०१६

वहिनी,

खरंच आभार. सोबत बारा पाकिटं आहेत. आतली काळी भुकटी साखरेच्या पाण्यात कालवायची, बियाण्याला चोळायची, सावलीत सुकवायची आणि त्याच दिवशी पेरायचं. उन्हात ठेवलंत तर सगळे मरतील. आठ पाकिटं पुरतील, चार जास्तीची आहेत. ती फ्रीजमध्ये ठेवा.

उसवण्याबद्दल म्हणाल तर, वाटाणा नसेल तिथे हे जिवाणू फार काळ तग धरत नाहीत. तुम्ही निर्धास्त असा. घाईत आहे, जास्त लिहीत नाही.

धाकटा


२० जून २०१६

भावजी,

वाटाणा माझ्या खांद्याला लागला! खोटं वाटेल म्हणून शिवणाची टेप घेऊन मोजला. तोडायला आलेल्या बायका म्हणाल्या, "वाकावं लागत नाही, असं शेत आयुष्यात पहिल्यांदा बघितलं." मास्तर रोज काही ना काही निमित्त काढून कुंपणाशी येतात. पानं हातात धरून चष्म्याखालून बघतात आणि "हं" म्हणतात. त्यांच्या तोंडून "हं" म्हणजे वर्गात पहिला नंबर.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे फुलं आली तेव्हा झाडं उपटून फोटो काढले. मुळांना गाठीच गाठी. भरतकामाच्या कात्रीने काही कापल्या, आतून छान गुलाबी निघाल्या, म्हणजे तुम्ही म्हणाला होतात तसं गाठी नत्र देताहेत. फोटो पाठवतेय. उरलेली पाकिटं वाया गेली नाहीत, एवढंच सांगते.

यांना दाखवायला हवं होतं. भांडले असते आधी. मग गुपचूप एकटेच जाऊन बघून आले असते.

वहिनी


२३ नोव्हेंबर २०१७

वहिनी,

दीड वर्ष मी तुम्हाला नुसते फोन करतोय आणि पाकिटं पाठवतोय, पत्र आज लिहितोय. कारण फोनवर हे सांगताना मी नक्की बावळटासारखा हसत सुटलो असतो.

परवा मोठ्या सभागृहात माझं भाषण झालं. मागच्या पडद्यावर तुमचं शेत, भिंतीएवढं. फोटोच्या कोपऱ्यात तुमचा पदर आणि हातातली कात्री दिसत होती. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने विचारलं, "या बाई कोण? त्यांनी गाठ इतकी स्वच्छ कशी कापली?" मी म्हटलं, "आमच्या वहिनी. त्या काजं करतात." सगळे हसले. खाली उतरलो तर संचालकबाईंनी सांगितलं, मला विभागप्रमुख करताहेत आणि दीड वर्षाने, म्हणजे २०१९च्या पेरणीला, सत्तावीस दोनशे शेतकऱ्यांना द्यायचा. दोन हंगाम तुमच्याकडे उत्तम गेले, त्यावरच हे सगळं उभं आहे.

पहिल्या वर्षीची जास्तीची पाकिटं परसातल्या घेवड्याला घातलीत ना? मी ओळखलं होतं. घेवड्याला ती लागू पडत नाहीत, पण असू दे.

एरवी मी असं बोलत नाही, पण वहिनी, या वर्षात माझं सोनं झालं ते तुमच्यामुळे.

तुमचा दीर


२८ मे २०१८

भावजी,

तुमच्या त्या पत्राला उत्तर लिहायचं राहूनच गेलं. तीनदा बसले, तीनदा उठले.

इकडे सगळं ठीक. यंदा वाटाणा जरा पिवळट वाटतोय. मार्चात थंडी लांबली, त्यामुळे असेल. उंचीही कमी आहे. मास्तरांचाही तसाच आहे, म्हणजे हवेचंच काहीतरी असणार. तुम्ही कामात असाल, मुद्दाम लक्ष घालू नका. सहज लिहिलं.

वहिनी


२ जून २०१८

वहिनी,

पत्र मिळाल्या मिळाल्या लिहितोय. मी सकाळपासून फोन करतोय, तुम्ही उचलत नाही.

मास्तरांचा वाटाणा पिवळा का असावा? त्यांना तर मी काही दिलेलं नाही. वरच्या शेतातली दहा झाडं हळूच खणून काढा. उपटू नका, गाठी मातीत राहतात. गाठी कापा आणि आतला रंग मला कळवा. गुलाबी, हिरवट की पांढरा, तेवढंच. परतीच्या टपालाने कळवा.

धाकटा


७ जून २०१८

भावजी,

पांढरा.

दहा झाडं खणली. गाठी भरपूर आहेत, पण बारक्या, मोहरीएवढ्या. आठ झाडांच्या आतून कोऱ्या कापडासारख्या पांढऱ्या. दोन झाडांच्या तेवढ्या गुलाबी. मग खालच्या शेतातली दहा खणली. तिथे सहा पांढरी.

खालच्या शेतात कुठून आले, असं तुम्ही विचाराल. मीच घातले. पहिल्याच वर्षी. "राहू द्या" असं तुम्हाला लिहिलं आणि स्वतःच पेरलं. का, ते आज सांगते. यांचा मला राग आला होता. मला काही न शिकवता, सगळं डोक्यात ठेवून निघून गेले. ते नको म्हणाले होते ना, मग मी करणार, असं काहीतरी मनात होतं. मेलेल्या माणसाशी भांडत होते. उरलेल्या चारांपैकी दोन पाकिटं खालच्या शेताला गेली आणि दोन मास्तरांना दिली. त्यांनी मागितली नव्हती. माझा वाटाणा कुणीतरी बघावा, माझ्याकडून काही शिकावं, अशी मला हौस आली होती.

आणखी एक. पांढऱ्या गाठी मी आधीच पाहिल्या होत्या. गेल्या वर्षी, फोटोसाठी झाडं काढताना. तीस झाडांत चार. ती चार मी बाजूला टाकली आणि तुम्हाला उरलेल्यांचेच फोटो पाठवले. वाटलं, चारच तर आहेत. मग तुमचं ते आनंदाचं पत्र आलं आणि त्याला नाट लावायला मन धजेना. आता वाटतं, तेव्हाच लिहिलं असतं तर कदाचित एकच शेत गेलं असतं.

वहिनी


१५ जून २०१८

वहिनी,

तुमचं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरतोय. तुम्ही चार झाडं बाजूला टाकलीत. मी त्याआधीच तीन कुंड्या टाकल्या होत्या.

दादाने मला एकदा त्याच्या मातीच्या दोन बादल्या दिल्या होत्या. शेत देणार नाही, पण माती ने, म्हणाला. त्या मातीत मी बारा कुंड्या लावल्या. पहिलं पीक झकास आलं. त्याच कुंड्यांत दुसरं पीक घेतलं, तेव्हा तीन कुंड्यांत गाठी पांढऱ्या निघाल्या. मी वहीत लिहिलं, "पाणी जास्त झाले, कुंड्या वगळल्या." पाणी जास्त झालं नव्हतं. सगळ्यांना मीच मोजून घालत होतो. मी फक्त तिसरं पीक घेऊन बघायला हवं होतं, म्हणजे आणखी एक वर्ष. तेवढं मी थांबलो नाही. "सगळ्या चाचण्या झाल्यात" हे पहिल्याच पत्रात तुम्हाला लिहिलं, ते खोटं होतं.

काय झालंय ते साध्या शब्दांत सांगतो. मुळात शिरायला जिवाणूकडे एक खास गुण लागतो. सत्तावीसकडे तो आहे. पण जिवाणू असे गुण शेजाऱ्याला देऊन टाकतात, आपण वाटीभर साखर देतो तसे. तुमच्या जमिनीत आधीपासून राहणाऱ्या दुसऱ्याच जिवाणूंना त्याने तो दिला. आता तेही मुळात शिरतात, गाठ बांधतात, झाडाचं अन्न खातात, पण नत्र देत नाहीत. ते तिथलेच असल्यामुळे तिथे सत्तावीसपेक्षा जास्त टिकतात, आणि दादाच्या मातीतल्या चांगल्या जिवाणूंना जागा उरत नाही. वाटाणा नसला तरी ते जगतात.

तुम्ही विचारलं होतंत, उसवता येतं का. मी उत्तर टाळलं. नाही, वहिनी. उसवता येत नाही.

दादाच्या मूळ मातीचा एक डबा आमच्या फ्रीजरमध्ये होता. तो असता तर त्यातून जुने जिवाणू वाढवून परत देता आले असते. काल शोधायला गेलो. गेल्या वर्षी विभागप्रमुख झाल्यावर मी फ्रीजर आवरला होता. जुने डबे टाकून द्यायची यादी माझ्याच अक्षरात आहे.

मास्तरांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. माफी मागायला तोंड नाही.

धाकटा


३० ऑगस्ट २०१८

भावजी,

अडीच महिने मी मुद्दामच लिहिलं नाही. पहिले काही दिवस तुमचा फार राग आला. मग स्वतःचा. दोन्ही एकदम येत नाहीत, आलटून पालटून येतात, आणि माणूस नुसता दमून जातो.

मास्तरांना मी सांगितलं. काय सांगायचं ते तुम्हाला सुचत नव्हतं, मलाही नव्हतं. त्यांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मास्तर, तुमचा वाटाणा थंडीने पिवळा पडलेला नाही. मी दिलेल्या पाकिटांनी पडलाय."

ते पेपर वाचत होते. घडी घातली. "म्हणजे पुढच्या वर्षी नीट होईल?"

"नाही."

"त्याच्या पुढच्या?"

"भावजी म्हणतात, ठाऊक नाही."

पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो, कुणी काही दिलं तर आधी विचारा, हे काय आहे. तुम्ही दिलंत म्हणून मी विचारलं नाही." आणि आत गेले. त्यानंतर कुंपणाशी आलेले नाहीत. माझ्या चुका काढायला कुणी उरलं नाही, भावजी. सकाळी बाहेर पडले की पहिलं तिकडे बघते.

दोन्ही शेतांत आता जव पेरणार आहे. जवाला नत्र लागतो, तो आता कुठूनतरी आणावा लागेल. म्हणजे वीस वर्षांनी या जमिनीत खताचं पोतं येणार. दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "तुम्ही? तुमच्याकडे तर चालत नव्हतं ना?" मी पोत्याचा भाव विचारला.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची की नाही, यावर मी फार विचार केला. तुमचे दादा नाही म्हणाले, ते जमिनीसाठी म्हणाले असं तुम्हाला वाटतं. मीही तसंच वाटू दिलं असतं तर तुमचं ओझं हलकं झालं असतं. पण तसं नव्हतं. दुसऱ्यांदा तुम्ही विचारून गेलात, त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "सख्ख्या भावाला एक तुकडा देत नाही तुम्ही?" ते म्हणाले, "जमीन बिघडली तर मी सांभाळून घेईन गं. पण काही बिघडलं तर तो मला तोंड दाखवणार नाही. मी ओळखतो त्याला. मला भाऊ हवाय."

जूनपासून तुम्ही फिरकला नाहीत. फोन नाही. बाईंना सगळं सांगितलंत का, तेही लिहिलं नाहीत. यांनी तुम्हाला बरोबर ओळखलं होतं, याचं मला वाईट वाटतंय.

वहिनी


८ सप्टेंबर २०१८

वहिनी,

ते वाचून मी लॅबचं दार आतून लावून घेतलं आणि बसून राहिलो. दादाने हे मला कधी बोलून दाखवलं नाही. त्याच्यावर मी शेवटपर्यंत आतून रुसलेला होतो. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसायचो तेव्हासुद्धा.

बाईंना सांगितलं. लगेच नाही, तुम्हाला पत्र टाकल्यावर तीन आठवड्यांनी. रोज सकाळी त्यांच्या दारापर्यंत जायचो आणि चहा घेऊन परत यायचो. शेवटी वही घेऊन आत गेलो, ते पान उघडून समोर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

"पाणी खरंच जास्त झालं होतं का?"

"नाही."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"लिहिलं त्या दिवसापासून."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पेरणीला आठ महिने आहेत. दोनशे पत्रं जायची आहेत. ती तुम्हीच लिहा. छापील नाही, आणि कारण स्पष्ट लिहा." मी लिहिली. सत्तावीस कुणाकडेही जाणार नाही. विभाग आता दुसऱ्यांकडे आहे. मी पुन्हा जुन्या टेबलावर बसतो, इतरांच्या जिवाणूंच्या बशा तपासतो. हे काम मला येतं.

एक लपवलेलं आणखी. जुलैमध्ये मी आलो होतो. फाट्यावर बसमधून उतरलो. वरून तुमचं शेत दिसलं, पिवळंधमक, आणि त्यात तुम्ही एकट्या वाकून वाटाणा उपटत होतात. मी उलट बाजूच्या बसची वाट बघत उभा राहिलो आणि तीच पकडून परत गेलो.

येत्या शनिवारी येतो. दुपारच्या बसने. घ्यायला येऊ नका, चालत येईन.

धाकटा


१८ सप्टेंबर २०१८

वहिनी,

पोचलो. तुम्ही दिलेला जेवणाचा डबा धुऊन ठेवलाय.

दोन दिवस तुमच्याकडे काढले आणि जे बोलायला आलो होतो त्यातलं निम्मंही बोललो नाही, म्हणून पुन्हा कागदच. दादाची काठी दारामागे अजून तशीच आहे, ती बघितल्यावर पुढचं काही बोलता येईना. तुम्हीही पानात भाजी वाढत राहिलात. रविवारी मास्तरांकडे गेलो ते तुम्हाला सांगितलं नाही. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि म्हणाल्या, "ते झोपलेत." आतून रेडिओचा आवाज येत होता, आणि तो मला ऐकू येतोय हे त्यांनाही कळत होतं. मी म्हटलं, "उठले की सांगा, धाकटा येऊन गेला." त्या म्हणाल्या, "सांगते."  मग मी निघालो.

तिथून एकटाच खालच्या शेतात गेलो. माती हातात घेतली. वासावरून काही कळत नाही, वहिनी. तोच वास आहे, लहानपणी दादाच्या शर्टाला यायचा तसा. काय गेलंय ते बघून कुणालाच सांगता येणार नाही. मी मात्र ते विसरू शकत नाही. ही जमीन पुन्हा पहिल्यासारखी होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. एकदा खोटं लिहून झालंय.

निघताना तुम्ही विचारलंत, "आता पुन्हा कधी?" आणि मी सवयीने "बघतो" म्हणालो. बसमध्ये बसल्यावर लाज वाटली. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला येतो. मातीचे नमुने घ्यायला पिशव्या आणणार नाही. तुम्हाला भेटायला येतोय.

तुमचा धाकटा दीर